लॅबमधलं मशीन ठणठणीत, पण लायसन्स गायब! जुन्या कॉम्प्युटरला फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

तुमच्या कॉलेजात केमिस्ट्री, फार्मसी किंवा बायोटेक डिपार्टमेंट असेल, तर तिथे एक एसीवाली, बहुतेक वेळा कुलूपबंद खोली नक्की असेल. दारावर ‘इन्स्ट्रुमेंट रूम’ अशी पाटी, बाहेर काढून ठेवलेल्या चपला. आत एचपीएलसी, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर, नशीब चांगलं असेल तर जीसी. आणि प्रत्येक मशीनच्या शेजारी एक पिवळट पडलेला कॉम्प्युटर, ज्याच्या स्क्रीनवर अजूनही विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी दिसते. आपल्याला हसू येतं, कारण खिशातला फोन त्याच्यापेक्षा कितीतरी फास्ट असतो. पण त्या डब्यात अशी एक गोष्ट असते जी पैसे मोजूनही परत मिळेलच याची खात्री नसते. ती म्हणजे त्या मशीनच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका मैत्रिणीचा फोन आला. ती पीएचडी करत होती. “अरे, आमचा एचपीएलसी बंद पडलाय. तू सॉफ्टवेअरवाला ना, जरा बघ ना.” जाऊन पाहिलं तर मशीनला काहीच झालं नव्हतं. पंप, लॅम्प, डिटेक्टर सगळं व्यवस्थित. झालं होतं एवढंच, की कॉम्प्युटर स्लो चालतोय म्हणून डिपार्टमेंटने नेहमीच्या हार्डवेअरवाल्याला बोलावलं होतं. त्याने त्याच्या परीने सगळं नीट केलं. डेटा पेन ड्राइव्हवर काढला, फॉरमॅट मारला, विंडोज टाकलं, कपाटात सापडलेल्या सीडीवरून सॉफ्टवेअरही टाकलं. सॉफ्टवेअर उघडलं आणि समोर एकच चौकट आली: लायसन्स सापडत नाही. कंपनीला फोन केल्यावर कळलं की ते व्हर्जन कधीच बंद झालंय, त्याची नवी की आता बनवून मिळत नाही, आणि नवं व्हर्जन या मॉडेलला चालत नाही. म्हणजे बदलायचं तर मशीनच बदला. कोटेशन बघून सरांनी फाइल बंद करून टाकली.

हा प्रकार अजिबात दुर्मिळ नाही. तो का होतो आणि टाळायचा कसा, ते आज बघू.

मशीनचं वय वेगळं, विंडोजचं वेगळं

फोन आपण तीन-चार वर्षांत बदलतो. लॅबमधलं मशीन तसं नसतं. चांगला सांभाळलेला स्पेक्ट्रोफोटोमीटर पंधरा-वीस वर्षं आरामात चालतो. लॅम्प बदलला, सील बदलले, की पुन्हा सुरू. एनएमआरमधलं सुपरकंडक्टिंग मॅग्नेट तर लिक्विड हेलियम वेळेवर भरत राहिलात तर दशकानुदशकं टिकतं.

आता विंडोजचं बघा. एक्सपी २००१ मध्ये आलं आणि त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. विंडोज ७ आलं २००९ मध्ये, सपोर्ट संपला १४ जानेवारी २०२०. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे एका मशीनच्या आयुष्यात विंडोजच्या दोन-तीन पिढ्या येऊन जातात.

मग नवीन विंडोज टाकून जुनं सॉफ्टवेअर का चालवत नाहीत? बऱ्याचदा ते चालतच नाही. ६४ बिट विंडोजवर १६ बिट प्रोग्रॅम उघडत नाहीत. गंमत म्हणजे नव्वदच्या दशकातल्या काही सॉफ्टवेअरचा मुख्य प्रोग्रॅम ३२ बिट असतो, पण त्याचा सेटअप १६ बिट असतो, म्हणजे गाडी इन्स्टॉलेशनलाच अडते. ३२ बिट ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर लागत नाहीत. शिवाय मशीन कॉम्प्युटरला जोडलेलं असतं ते यूएसबीने असेलच असं नाही. कुठे जुना सीरियल पोर्ट, कुठे जीपीआयबी, कुठे मदरबोर्डवरच्या आयएसए स्लॉटमध्ये बसवलेलं खास कार्ड. आयएसए स्लॉट आजच्या मदरबोर्डवर शोधून सापडणार नाही.

म्हणून तो पिवळट कॉम्प्युटर मशीनचाच एक भाग समजायचा. पंपासारखाच. अडचण अशी की कॉलेजच्या नोंदीत तो ‘कॉम्प्युटर’ असतो, आणि कॉम्प्युटर जुना झाला की बदलायचा असतो असं सगळ्यांनाच वाटतं.

लायसन्स नक्की राहतं कुठे?

खरी मेख इथे आहे. प्ले स्टोअरवरून विकत घेतलेलं ॲप तुमच्या गुगल अकाउंटशी जोडलेलं असतं. फोन बदलला, लॉगिन केलं, ॲप परत आलं. लॅबच्या जुन्या सॉफ्टवेअरला अकाउंट वगैरे काही नसतं. लायसन्स एखाद्या वस्तूत राहतं, आणि ती वस्तू कोणती हे सॉफ्टवेअरगणिक बदलतं.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे सीडीच्या कव्हरवर किंवा मॅन्युअलच्या पहिल्या पानावर छापलेली की. ती हरवली नाही तर प्रश्न नाही. (ती हरवते. मॅन्युअल एका कपाटात, कव्हर दुसऱ्या कपाटात, किल्ली रिटायर झालेल्या मॅडमकडे.)

त्याआधीच्या काळात की-डिस्क असायची. ही एक खास फ्लॉपी. इन्स्टॉल केलं की फ्लॉपीवरचा परवाना एकने कमी व्हायचा आणि हार्ड डिस्कवर यायचा. कॉम्प्युटर बदलायचा असेल तर आधी परवाना फ्लॉपीवर परत पाठवायचा, मग नव्या कॉम्प्युटरवर न्यायचा. हार्ड डिस्क अचानक उडाली तर परवानाही तिच्यासोबत गेला. काही प्रोग्रॅम तर डिस्कवरच्या ठरावीक जागी लपवलेली फाइल शोधायचे. डिस्क डीफ्रॅगमेंट केली, फाइल हलली, की लायसन्स संपलं.

मग डोंगल. कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरच्या पॅरलल पोर्टवर बसवलेला काडेपेटीएवढा तुकडा. नंतरच्या काळात तो पेन ड्राइव्हसारखा यूएसबीवाला झाला. प्रोग्रॅम सुरू होताना आणि चालू असतानाही मधूनमधून त्याला विचारतो, ‘आहेस ना?’ उत्तर आलं नाही तर बंद. डोंगलचा फायदा असा की तो काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला तर लायसन्सही हलतं. तोटा असा की तो दिसायला अगदी क्षुल्लक असतो. जुना सीपीयू भंगारात जातो तेव्हा मागे लटकलेला तुकडाही त्याच्यासोबत जातो. पॅरलल पोर्टवाल्या डोंगलच्या पाठीमागे प्रिंटरची वायर लावता येते, त्यामुळे बघणाऱ्याला तो प्रिंटरचा जोड वाटतो. हजारो रुपयांचं, कधी लाखांचं सॉफ्टवेअर त्या तुकड्यावर अवलंबून असतं आणि त्याच्यावर कुणी साधी चिठ्ठीही चिकटवलेली नसते.

डोंगल सापडला तरी त्याचा ड्रायव्हर लागतो. जुने डोंगल बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या होत्या. सेंटिनेल बनवणारी रेनबो आणि हॅस्प बनवणारी अलॅडिन. रेनबो २००४ मध्ये सेफनेटमध्ये गेली, २००९ मध्ये अलॅडिनही तिथेच आली. २०१५ मध्ये सेफनेट जेमाल्टोकडे आणि २०१९ मध्ये जेमाल्टो थेल्सकडे. डोंगलवर नाव एकाचं, वेबसाइट दुसऱ्याची, आणि तुमच्या मॉडेलचा एक्सपीवाला ड्रायव्हर आता कुठल्या पानावर असेल ते शोधत बसायचं. म्हणून ड्रायव्हरची सेटअप फाइल डोंगलसोबतच जपून ठेवावी लागते.

चौथा प्रकार दिसतच नाही, म्हणून तोच सगळ्यात जास्त दगा देतो. यात लायसन्स ही साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. आत फीचरचं नाव, मुदत, आणि एक होस्ट आयडी. हा होस्ट आयडी बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या लॅन कार्डचा मॅक ॲड्रेस असतो किंवा सी ड्राइव्हचा व्हॉल्यूम नंबर. शेवटी कंपनीची डिजिटल सही असते, त्यामुळे आतला नंबर हाताने बदलला की फाइल बाद.

व्हॉल्यूम नंबर म्हणजे काय? ड्राइव्ह फॉरमॅट करताना विंडोज त्या क्षणाच्या तारीख-वेळेवरून एक नंबर तयार करून डिस्कच्या सुरुवातीला लिहून ठेवतं. पुन्हा फॉरमॅट केलं की नवी वेळ, नवा नंबर. मैत्रिणीच्या लॅबमध्ये नेमकं हेच झालं होतं. आठवडाभराने लॅब असिस्टंट काकांनी कपाटाच्या तळातून मूळ लायसन्सची फ्लॉपी शोधून काढली. सगळ्यांना वाटलं, सुटलो. फाइल कॉपी केली, तरी तीच चौकट. फाइल खरी होती, पण ती ज्या नंबरसाठी दिली होती तो नंबर हार्डवेअरवाल्याच्या फॉरमॅटमध्ये पुसला गेला होता. लायसन्सची फाइल जपून ठेवली म्हणजे लायसन्स जपलं असं होत नाही, हे त्या दिवशी मलाही नीट कळलं.

मॅक ॲड्रेसच्या बाबतीत परिस्थिती थोडी बरी आहे. लॅन कार्ड वेगळं, स्लॉटमध्ये बसवलेलं असेल, तर मदरबोर्ड गेला तरी तेच कार्ड काढून दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये बसवता येतं. नेटवर्कची वायर जोडलेली नसली तरी चालतं, कार्ड विंडोजमध्ये चालू असलं की पुरे. पण पावसाळ्यात वीज कडाडली आणि केबलमधून येऊन लॅन पोर्ट जळाला, की मशीनचा नेटवर्कशी काही संबंध नसतानाही सॉफ्टवेअर बंद पडतं.

तारखेचाही एक घोळ आहे. मदरबोर्डवर नाण्यासारखा तीन व्होल्टचा सेल असतो, सीआर२०३२. तो संपला की कॉम्प्युटर बंद केल्यावर घड्याळ बिघडतं आणि पुढच्या वेळी तारीख वीसेक वर्षं मागे जाते. मुदतीचं लायसन्स असलेल्या सॉफ्टवेअरला वाटतं, याने मुद्दाम घड्याळ मागे फिरवलंय. मग ते काम नाकारतं. बहुतेक वेळा सेल बदलून तारीख नीट लावली की भागतं, पण काही सॉफ्टवेअर एकदा संशय आला की कंपनीने सोडवल्याशिवाय उघडत नाहीत. उलटही होतं. चुकून पुढची तारीख लागली, त्या तारखेने फाइल सेव्ह झाल्या, आणि मग खरी तारीख लावली की घड्याळ मागे आल्यासारखं दिसतं. किराणा दुकानातही मिळणारा सेल वेळेवर बदलला असता तर टळणारी ही भानगड.

शेवटचा प्रकार तुम्हाला ओळखीचा वाटेल: ऑनलाइन ॲक्टिव्हेशन. इन्स्टॉल केलं की कंपनीच्या सर्व्हरला विचारणा होते. सर्व्हर कायम चालू राहणार हे यात गृहीत धरलेलं असतं. अडोबने क्रिएटिव्ह सूट २ चा ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केला, तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी ॲक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती उपलब्ध करून दिली होती. प्रत्येक कंपनी तसं करेलच असं कुठे लिहिलेलं नसतं. लॅबमध्ये आणखी एक पेच येतो. एक्सपी किंवा विंडोज ७ वाला कॉम्प्युटर इंटरनेटला जोडणं धोक्याचं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय रॅन्समवेअर पसरलं, ते विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या त्रुटीचा फायदा घेऊनच. सुरक्षा म्हणते नेट काढा, लायसन्स म्हणतं नेट लावा.

कंपनीच उरली नाही तर?

लॅब मशीनच्या धंद्यात कंपन्या सतत एकमेकींना विकत घेतात, स्वतःचे तुकडे करतात. एचपीचा मापन उपकरणांचा विभाग १९९९ मध्ये ॲजिलंट झाला. ॲजिलंटने २०१० मध्ये व्हेरियन ही कंपनी घेतली, आणि तिच्यासोबत एनएमआरचा व्यवसायही आला. २०१४ मध्ये ॲजिलंटने एनएमआरमधून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. जगभरातल्या ज्या लॅबमध्ये व्हेरियनचे मॅग्नेट होते, त्यांचे मॅग्नेट थंड आणि धडधाकट, पण पुढचं सॉफ्टवेअर कोण देणार हा प्रश्न.

इथे मात्र एक चांगली गोष्ट झाली. ते मशीन चालवणाऱ्या व्हीएनएमआरजे या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला करण्यात आला आणि ओपनव्हीएनएमआरजे नावाने वापरणाऱ्यांनीच तो पुढे नेला. सोर्स कोड हातात असला की नव्या लिनक्सवर चालेल असे बदल करता येतात, आणि चावीसाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. माझ्या मते मशीन बंद करताना प्रत्येक कंपनीने किमान लायसन्सचं कुलूप तरी काढून द्यावं. त्या सॉफ्टवेअरची विक्री तशीही थांबलेलीच असते.

मग क्रॅक वापरला तर?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असणार. मैत्रिणीच्या लॅबमध्येही एका ज्युनिअरने ‘दादा, टेलिग्रामवर मिळेल’ असं सांगितलं होतंच. नको. त्या फाइलमध्ये काय असेल सांगता येत नाही आणि जुन्या विंडोजवर अँटीव्हायरसही धड चालत नाही. शिवाय फार्मा कंपनीच्या लॅबमध्ये प्रत्येक आकडा कुठल्या सॉफ्टवेअरमधून आला याचा हिशोब द्यावा लागतो. तिथे क्रॅक सापडला तर आधीचे रिपोर्टही संशयात येतात.

कायदा मात्र वाटतो तेवढा एकतर्फी नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, कायदेशीरपणे प्रोग्रॅम बाळगणाऱ्याला तो हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून, ज्या कामासाठी घेतला त्याच कामासाठी, बॅकअप कॉपी करायची मुभा आहे. म्हणजे डिस्कची प्रत काढून ठेवणं हा गुन्हा नाही. २०१२ मध्ये आलेलं कलम ६५ ए हे संरक्षण तोडण्याबद्दल आहे. त्यात हक्कांचं उल्लंघन करण्याच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. ‘हेतू’ हा शब्द महत्त्वाचा आहे, पण त्याच्या भरवशावर स्वतः प्रयोग करू नका. कॉलेजने कंपनीला लेखी विचारावं आणि उत्तर फाइलला लावावं. अमेरिकेत तर २००३, २००६ आणि २०१० च्या नियमांत, बिघडलेल्या आणि कालबाह्य झालेल्या डोंगलमुळे अडकलेल्या प्रोग्रॅमना खास सूट होती. २०१२ च्या यादीत ती राहिली नाही.

आता तुम्ही काय करू शकता

लॅबमध्ये तुम्ही प्रोजेक्ट करत असाल, तर डिपार्टमेंटमध्ये ‘कॉम्प्युटरचं कळणारा’ म्हणून तुम्हालाच बोलावलं जाणार. सरांनी ‘जरा फॉरमॅट करून दे’ म्हटलं की थांबा.

आधी फोन काढा आणि फोटो घ्या. सीपीयूची मागची बाजू, प्रत्येक वायर कुठे जाते ते, डोंगल, आतली कार्डं, सीडीची कव्हरं, सॉफ्टवेअरच्या ‘अबाउट’मधला व्हर्जन आणि सीरियल नंबर. व्हॉल्यूम नंबर आणि मॅक ॲड्रेसही स्क्रीनवर आणून त्यांचा फोटो घ्या. पहिल्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हॉल’ कमांड, दुसऱ्यासाठी ‘आयपीकॉन्फिग’ ही ‘ऑल’ पर्यायासह. दहा मिनिटांचं काम आहे.

मग डिस्कची इमेज. फाइल कॉपी-पेस्ट करणं आणि इमेज काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॉपी-पेस्टमध्ये फक्त फाइल येतात. इमेजमध्ये डिस्क जशीच्या तशी येते, व्हॉल्यूम नंबरसकट. क्लोनझिला फुकट आहे, पण ते एरवी वापरातलाच भाग उचलतं. काही लायसन्स पार्टिशनच्या बाहेरच्या सेक्टरमध्ये लपवलेली असतात, म्हणून पूर्ण डिस्क सेक्टर-बाय-सेक्टर कॉपी करा. डिस्क कुरकुर आवाज करत असेल तर जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी चांगला भाग वाचून घेतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं. खूप जुने कॉम्प्युटर पेन ड्राइव्हवरून बूट होत नाहीत, तेव्हा डिस्क काढून आयडीई-यूएसबी कन्व्हर्टरने लॅपटॉपला जोडावी लागते. लॅपटॉपवर विंडोजने ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’. हे वाचताना हसाल, पण याच एका क्लिकने डिस्क गेलेल्या मी पाहिल्यात.

इमेज काढली म्हणजे काम झालं नाही. ती दुसऱ्या डिस्कवर उतरवा, ती डिस्क त्याच कॉम्प्युटरला लावा आणि सॉफ्टवेअर उघडतंय का ते बघा. लायसन्स डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या सीरियल नंबरशी बांधलेलं असेल तर इथेच कळेल, कारण तो नंबर इमेजमध्ये येत नाही. मूळ डिस्क चालू असताना हे कळलं तर कंपनीशी बोलायला वेळ मिळतो. इमेज वेगळ्याच मॉडेलच्या कॉम्प्युटरवर टाकली तर एक्सपी बऱ्याचदा निळ्या स्क्रीनवर अडतं, म्हणून भंगारात निघालेला त्याच मॉडेलचा एखादा सीपीयू मिळाला तर मागून घ्या.

व्हर्च्युअल मशीनचा पर्यायही आहे. सीरियल पोर्ट आणि यूएसबी डोंगल व्हर्च्युअल मशीनला जोडता येतात. आयएसए किंवा खास पीसीआय कार्ड असेल तर मशीन चालवण्यासाठी हा मार्ग बंद. तरी जुना डेटा उघडण्यापुरतं व्हर्च्युअल मशीन उपयोगी पडतं.

आणि डेटा हाच मोठा मुद्दा आहे. मैत्रिणीच्या पेन ड्राइव्हवर तिच्या सगळ्या रन्स सुखरूप होत्या, पण त्या उघडायला तेच सॉफ्टवेअर हवं होतं. गाइडने एका पीकचं इंटिग्रेशन बदलून बघ म्हटलं, तर तिच्याकडे फक्त आधी काढलेले पीडीएफ रिपोर्ट होते. उरलेली सॅम्पल्स तिने दुसऱ्या संस्थेत पैसे भरून चालवली, आणि जुनी काही पुन्हा बनवली. म्हणून सॉफ्टवेअर चालू आहे तोवर रॉ डेटा खुल्या फॉरमॅटमध्येही काढून ठेवा. स्पेक्ट्रमसाठी जेकॅम्प-डीएक्स, क्रोमॅटोग्राफीसाठी एआयए म्हणून ओळखला जाणारा नेटसीडीएफ, मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी एमझेडएमएल, फ्लो सायटोमेट्रीचा एफसीएस. एक्स्पोर्टच्या मेनूमध्ये यातलं एखादं नाव बहुतेक सापडतं. काहीच नसेल तर साधं सीएसव्ही.

शेवटी कागदाचं काम. कॉलेजात वस्तूंची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये होते. एचपीएलसीची नोंद असते, कॉम्प्युटरची वेगळी असते, डोंगलची नसते. पाच वर्षांनी कॉम्प्युटरचं निर्लेखन होतं आणि ई-कचऱ्याची गाडी येते. सरांना सांगून डोंगल आणि तो कॉम्प्युटर मशीनच्याच नोंदीखाली लिहून घ्या. सीपीयूवर जाड मार्करने ‘एचपीएलसीचा भाग, फॉरमॅट करू नये’ असं मराठीत लिहा, म्हणजे सुट्टीत येणाऱ्या हार्डवेअरवाल्यालाही दिसेल. मैत्रिणीच्या लॅबमधल्या जीसीच्या कॉम्प्युटरवर आता तसं लिहिलंय. त्याचा डोंगल काकांनी तारेने सीपीयूला बांधून टाकलाय.